बुडानं ऐकणारा मिस्त्री

नांदेडच्या देगलूर नाक्यावर, गॅरेजपाशीच, मिस्त्रीचा फ्लेक्स लागला होता. काळा चष्मा, पांढरा शर्ट, मागं निळं आभाळ आणि त्यात उडणारी कबुतरं. खाली मोठ्या अक्षरात, 'इंजिनाचे धन्वंतरी हरपले'. मी गाडी बाजूला घेतली, परत एकदा वाचलं आणि मोठ्यानं हसलो. शेजारचा पानवाला म्हणला, "काका, मयताला हसायलाव काय?"

"मयताला न्हाई बाबा, धन्वंतरीला हसायलोय."

तो मेला म्हणून मी त्याचं गोड लिहिणार नाही. चौथी शिकलेला माणूस मी, मला गोड लिहिता येत पण नाही. माझी मंडळी गेली तेव्हा लोकांनी तिच्याबद्दल असंच गोडगोड बोलून घेतलं. देवमाणूस होती, कधी आवाज चढवला नाही, असलं काहीबाही. ती तशी नव्हती. फटकळ होती, शेजारपाजार तिला टरकून होता, आणि मला तीच पाहिजे होती. गोड बोलून लोक मेलेलं माणूस पुसून टाकतात. म्हणून मिस्त्री जसा होता तसाच लिहितो. त्याला राग आला तर वरून बघून घेईल.

मी भोकरचा. भोकर ते नांदेड व्हॅनमध्ये सवाऱ्या मारायचो. ज्यांनी ही जुनी व्हॅन बघितली नाही त्यांना सांगतो, तिचं इंजिन पुढं नाकात नसतं. ड्रायव्हरच्या आणि त्याच्या शेजारच्या सीटखाली असतं. सीट उचलली की खाली इंजिन. उन्हाळ्यात बूड भाजतं, हिवाळ्यात बरं वाटतं. गाडीत काही बिघडलं तर ते कानाला कळायच्या आधी बुडाला कळतं. एवढी एक खरी गोष्ट होती, आणि तेवढ्यावर या माणसानं जन्मभर दुकान चालवलं.

गाडी मिस मारायला लागली, झटके द्यायला लागली की साधा मिस्त्री काय करतो? सीट उचलतो, इंजिन चालू ठेवून प्लगची एक एक वायर काढून बघतो. वायर काढल्यावर आवाज बदलला तर तो प्लग काम करतोय. काढली तरी काहीच फरक पडला नाही तर रोग तिथं. लहान लेकराला कळेल असं काम. आमच्या धन्वंतरीला ते कमीपणाचं वाटायचं.

"बिमार माणसाची एक एक बोट तोडून बघतात काय, कुठलं दुखायलंय म्हणून?" असं विचारायचा.

मग तो काय करायचा? खिशातून रुमाल काढायचा. डावीकडची सीट झटकायची. पायजमा वर घेऊन हळूच बसायचा, जसं काही लग्नात नवरदेवाच्या गादीवर बसायलाय. डोळे मिटायचे, दोन्ही हात गुडघ्यावर. "चालू ठेवा," म्हणायचा. इंजिन खाली थडथड करायचं आणि हा वर डुलायचा. बोलायचं नाही, खोकायचं नाही. एकदा मी शिंकलो तर उठून बाहेर गेला, चहा पिऊन आला आणि परत पहिल्यापासून बसला.

मग डोळे उघडून निकाल द्यायचा. "कॉइल." किंवा "कार्बोरेटर." एकच शब्द. का, कशावरून, काही नाही.

आणि मालकानं रोगाचं नाव घ्यायचं नाही हा तिथला कायदा होता. अर्धापूरचा, कंत्राटं घेणारा एक गुत्तेदार येऊन म्हणला, "मिस्त्री, प्लग गेल्यासारखं वाटायलंय." त्यानं पाना खाली ठेवला. "प्लग गेलाय? मग प्लगच्या दुकानात जा. इकडं कशाला आलास?" त्या माणसाला त्यानं खरंच हाकलून दिलं. तो दुसरीकडं गेला, प्लग बदलला, आणि संध्याकाळी याच्याच दारावरून हॉर्न वाजवत गेला. मिस्त्रीनं मान वर केली नाही. "परत येईल," म्हणला. तो गुत्तेदार परत कधी आला नाही.

कपडे कायम पांढरे. गॅरेजमध्ये पांढरे कपडे! आधी मला वाटायचं, काय हात असंल याचा, एक डाग पडत नाही. मग कळलं की डाग पडायला काम करावं लागतं. हा बसायचा, निकाल द्यायचा, आणि खोलणं-जोडणं मालकानं किंवा रस्त्यावरच्या कुणीतरी करायचं. हाताखाली माणूस टिकत नव्हता. माझी मंडळी पहिल्यांदा त्याला बघून म्हणली होती, "ह्याची बायको कपडे धूऊ धूऊ मरायली असंल." नंतर कळलं बायको लवकरच गेलेली. कपडे तो स्वतःच धुतो, रोज, गॅरेजमागच्या हापशावर. ते ऐकून मंडळी गप्प झाली. मी नाही झालो. कपडे धुता येतात म्हणून माणूस मिस्त्री होत नाही.

बोलणं अर्धं मराठी, अर्धं हैदराबादी. "हौ", "नक्को", "कैकू". होता मूळचा इस्लापूरकडचा, पण हैदराबादला कुठल्यातरी उस्तादाकडं शिकलो असं सांगायचा. उस्ताद कसे होते? नवाबाच्या मोटारी बघायचे. उस्तादांनी हात लावला की बंद पडलेली गाडी लाजून चालू व्हायची. उस्तादांनीच त्याला बुडानं ऐकायला शिकवलं. त्या उस्तादाचं नाव काय, दुकान कुठल्या गल्लीत, हे मात्र दर खेपेला वेगळं निघायचं. एकदा मी म्हणलो, "मिस्त्री, मागल्या बारीला तुमचा उस्ताद चारमिनारापाशी होता, आता सिकंदराबादला कसा गेला?"

"बदली झाली," म्हणला. उस्तादाची बदली!

त्याची स्वतःची एक मोपेड होती. ती कधी चालू झालेली कुणी बघितली नाही. सकाळी ढकलत आणायचा, संध्याकाळी ढकलत न्यायचा. नाक्यावरची पोरं विचारायची, "मिस्त्री, हिच्यावर बसून ऐकलं नाही का?" तो म्हणायचा, "घरातल्या माणसाला घरातल्यानं औषध देऊ नये." आणि ढकलत निघायचा, मान ताठ.

तुम्ही म्हणाल, मग तू कशाला जात होतास त्याच्याकडं? सांगतो. मला जायचं नव्हतं. मंडळीला जायचं असायचं.

आमची ही कायम गाडीत असायची. लग्न झाल्यापासून घरात बसली नाही. डावीकडच्या सीटवर बसून सवाऱ्यांचे पैसे तीच घ्यायची, कुणी बिडी पेटवली की तीच खाली उतरवायची. गाडीतलं काही बिघडलं की मी काही बोलायच्या आधी मिस्त्री तिला विचारायचा. "भाभी, क्या बोलती गाडी?"

आणि ही सांगायची. "दादा, चढाला लागलं की उचकी देती. लेकराला पाणी पिताना लागती तशी. आणि उभी ऱ्हायली की आंधणावानी खदखदती."

मिस्त्री खूश. माझ्याकडं वळून म्हणायचा, "उचकी! ऐकलं का ड्रायवरसाब? ह्येला म्हणतात सांगणं. तुमी नुसतं मिस मारती, मिस मारती."

मग ती डब्यातून धपाटे आणि दही काढायची. तो बाजेवर मांडी घालून खायचा. खाताना तो निकाल देत नव्हता. तेवढ्याच वेळात त्या गॅरेजात शांतता असायची. तिला त्याची कीव होती का खरंच भरवसा होता, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं तर म्हणायची, "त्यो मला विचारतो तरी."

त्याच्या निकालाची एक गोष्ट सांगतो, म्हणजे धन्वंतरी कळेल. एकदा नांदेडमध्ये शिरता शिरता गाडी झटके देऊन बंद पडली. सवाऱ्या उतरून गेल्या. मी आणि मंडळीनं ढकलत नाक्यावर आणली. गाडी बंद, तरी हा सीट झटकून बसला. मी म्हणलो, "चालूच न्हाई, काय ऐकताव?" तर म्हणतो, "मेलेल्या माणसाच्या तोंडावरून पण कळतं कशानं गेला." डोळे मिटले, डुलला, आणि म्हणला, "टायमिंगचा पट्टा. इंजिन खोलावं लागंल."

मी हातपाय गाळले. इंजिन खोलायचं म्हणजे आठवडा गेला. तेवढ्यात मंडळी बाहेरून वाकून आत बघते आणि म्हणते, "अवं, काटा बघा की."

पेट्रोल संपलं होतं. टाकीत थेंब नव्हता.

नाक्यावरची माणसं पोट धरून हसायला लागली. मला वाटलं, आता तरी याचं तोंड उतरेल. छे! तो काट्याकडं बघत बसला, मग काचेवर टिचकी मारली आणि म्हणला, "काटा पण खराब हाय. बदलून टाका."

स्वतःचा निकाल चुकला असं त्यानं कधी म्हणलं नाही. कॉइल सांगितली, कॉइल बदलली, झटके तसेच. परत गेलं की म्हणायचा, "त्या दिवशी कॉइलच होती. तुमच्या गाडीनं रस्त्यात आजार बदलला." गाडी जसं काही त्याचं नाक कापायला मुद्दाम आजार बदलत होती.

मग मंडळीचं दुखणं निघालं.

पाठीचं म्हणून सुरू झालं. आधी तेल, मग गोळ्या, मग नांदेडच्या मोठ्या डॉक्टरांनी फोटो काढले आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की ते मणक्यात उतरलंय. बरं होणार नाही, पण शेक दिले तर दुखणं कमी होईल, काही महिने तरी माणसासारखे जातील. आठवड्याला एक शेक, कॅन्सरवाल्यांना देतात तो. मशीनखाली झोपायचं, थोड्या वेळात झालं. मशीनचं काही नव्हतं. रस्त्याचं होतं. डॉक्टर म्हणले, "हिला हादरा बसता कामा नये."

मी मागची सीटं काढली. लाकडाची फळी टाकली, फळीवर गादी, गादीवर ती. पहिल्या खेपेलाच कळलं. गाडी त्या दिवसात परत मिस मारत होती. प्रत्येक झटक्याला मागून तिचा आवाज यायचा. ओरडणं नाही, दात दाबून धरलेला आवाज. बारडच्या पुढं मी गाडी थांबवली आणि खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. मला तो आवाज ऐकून गाडी चालवता येत नव्हती.

दुसरी गाडी करू म्हणलो. भाड्याची कार आणली, तिच्यात तिला आडवं होता येईना. अँब्युलन्सचं नाव काढलं तर म्हणली, "त्या गाडीत गेलेलं माणूस आमच्या गल्लीत परत आलेलं मी बघितलं न्हाई. मला आपल्याच गाडीत न्या." आणि पुढच्या खेपेला परत येताना म्हणली, "आता बास. मी येत न्हाई शेकाला. शेकानं जेवढं थांबतं तेवढं तुमची गाडी परत करती. घरीच पडू द्या मला."

ती एकदा नाही म्हणली की नाही. म्हणजे आता गाडी गुळगुळीत चालली पाहिजे, नाहीतर शेक बंद. एवढं सोपं होतं.

मी तिला म्हणलो, दुसऱ्या मिस्त्रीला दाखवू. "न्हाई," म्हणली. "दादाला दाखवा."

धन्वंतरी बसले. डुलले. "कॉइल."

कॉइल बदलली. झटके तसेच.

परत बसले. "पेट्रोलात भेसळ." टाकी रिकामी केली, धुतली, दुसऱ्या पंपावरचं पेट्रोल भरलं. झटके तसेच.

मी त्या दिवशी त्याला बोलू नये ते बोललो. म्हणलो, "मिस्त्री, सवाऱ्या असत्या तर मी हसत ऱ्हायलो असतो. मागं माणूस मरायलंय. तुमी कपडे धुवायचाच धंदा करा." त्यानं रुमाल घडी करून खिशात घातला. मला म्हणला, "जा, चहा पिऊन या."

मी चहाला गेलो. ती मागं गादीवर पडलेली, तिनं नंतर सांगितलं काय झालं ते. मी वळणावरून दिसेनासा झाल्यावर मिस्त्रीनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, चोरानं कुलूप तोडावं तशी हळूच सीट उचलली, आणि साध्या मिस्त्रीसारखं प्लगची एक एक वायर काढून बघायला लागला. मध्येच त्याला करंट बसला. "ओय!" करून ओरडला, तेव्हा हिनं डोळे उघडले. तो हिच्याकडं बघून म्हणला, "भाभी, ड्रायवरसाबको नक्को बोलो."

वायरा जिथून निघतात त्या टोपीला बारीक तडा गेला होता. करंट भलतीकडं उडत होता. मी आलो तेव्हा नवीन टोपी बसलेली, सीट खाली, आणि महाराज वर डोळे मिटून डुलत बसलेले. डोळे उघडून मला म्हणले, "टोपी. बुडाला लागली एकदम." मी तेव्हा मान डोलावली. तिनं मला खरं सांगितलं ते बऱ्याच दिवसांनी. सांगताना हसू आवरत नव्हतं तिला.

पण मजा तिथं संपली नाही. पुढच्या सीटवर गाडी खरंच शांत झाली. मी चालवत होतो, मला कळत होतं, उचकी गेली. तरी मागून तो दात दाबलेला आवाज येतच होता. मी विचारलं, "आता काय व्हायलंय?" ती म्हणली, "उचकी गेली. पण हितं खाली कुणीतरी जातं फिरवायलंय. घरघर घरघर. गाडी उभी असली तरी."

परत नाका. परत बैठक. "मख्खन," मिस्त्री म्हणला. "ह्याच्यापेक्षा शांत इंजिन नांदेडमध्ये न्हाई."

"तिला मागं हादरा बसायलाय."

"रस्ता खराब हाय. रस्त्याला मी काय करू?"

"गाडी उभी असताना रस्ता कुठून आला?"

"ड्रायवरसाब, मी बसून बघितलं. इंजिन शांत हाय. माझा निकाल झाला."

मी पान्याला हात घातला होता, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात गादीवरून ती म्हणली, "दादा, तुमी नेहमी पुढंच बसताव. एकदा हितं माझ्या जागी येऊन निजा की."

मिस्त्री खुळ्यासारखा बघत राहिला. त्याच्या उस्तादानं त्याला हे शिकवलं नव्हतं. आयुष्यभर सगळ्या गाड्या त्यानं एकाच सीटवरून ऐकल्या. मागं कोण बसतं, कसं बसतं, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. खरं म्हणजे कुठल्याच मिस्त्रीला नसतं, पण बाकीचे स्वतःला धन्वंतरी म्हणवून घेत नाहीत.

आम्ही दोघांनी तिला उचलून त्याच्या बाजेवर ठेवलं. त्यानं चपला काढल्या. पांढऱ्या कपड्यानिशी तिच्या गादीवर उताणा झोपला, हात पोटावर. मी मनात म्हणलो, बरा दिसायलाय. मी गाडी चालू केली, थोडा वेळ उभीच ठेवली, मग मागच्या खडीच्या गल्लीतून एक फेरी मारून आणली.

खाली उतरला तेव्हा त्यानं निकाल दिला नाही. पहिल्यांदा. तोंड बारीक झालं होतं. हात पाठीला लावून उभा राहिला. मग जमिनीवर आडवा झाला आणि गाडीखाली सरकला. पांढरा शर्ट, खाली ऑइलचा चिखल. नाक्यावरची माणसं हातातलं काम टाकून बघायला आली.

इंजिन चेसीवर रबराच्या गट्टूंवर बसलेलं असतं. इंजिनाचा थरथराट त्या रबरात जिरतो. त्यातला मागचा गट्टू त्यानं खोलून बाहेर काढला. तो गट्टू नव्हताच. ट्रकच्या टायरचा कापलेला तुकडा होता. वाळून दगड झालेला. इंजिनाची सगळी घरघर त्यातून सरळ मागच्या पत्र्यात, पत्र्यातून फळीत आणि फळीतून तिच्या मणक्यात जात होती. तुकड्यावर टायरची नक्षी अजून दिसत होती.

मला ती नक्षी ओळखीची होती. किती तरी वर्षांमागं यानंच तो कापून बसवायला लावला होता, माझ्यासमोर. नवीन रबर आणतो म्हणलो तर म्हणला होता, "कंपनीचं रबर काय टिकतं? हे ट्रकचं हाय, तुमी मराल पण हे मरणार न्हाई."

मिस्त्रीनं तो तुकडा हातात फिरवून फिरवून बघितला. सगळे वाट बघत होते. आणि हा माणूस माझ्याकडं बघून विचारतो,

"ह्ये कुणी बसवलं?"

"तुझ्या बापानं!" मी ओरडलो.

बाजेवर ती हसायला लागली. हसली की तिच्या पाठीत कळ यायची, म्हणून एका हातानं बाज धरली होती, आणि तरी हसत होती. "अवं, हसवू नका," म्हणायची आणि परत हसायची. डोळ्यातून पाणी. दुखणं निघाल्यापासून ती तशी हसली नव्हती. मिस्त्री टायरचा तुकडा हातात घेऊन तिच्याकडं बघत उभा. त्याच्या शर्टाची पाठ पार काळी झाली होती आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

या व्हॅनचा गट्टू नांदेडात मिळेना. गाड्याच भंगारात गेल्या, रबर कोण ठेवणार? पुढच्या शेकाच्या आत मिस्त्री स्वतः एसटीनं लातूरला गेला. भंगारवाल्याकडं मोडायला आलेली एक व्हॅन त्यानं गाठली आणि तिच्या खाली झोपून तिचे सगळे गट्टू काढून आणले. एरवी बाजेवरून हलत नव्हता तो माणूस. लोक मला हे कौतुकानं सांगतात, बघा, तुमच्यासाठी लातूरला गेला. जायलाच पाहिजे होतं. घाण कुणी केली होती?

शेकाच्या दिवशी सकाळी त्यानं ते बसवले. स्वतः, मळक्या कपड्यात. मग मागं गादीवर निजून बघितलं, पुढं बसून बघितलं, परत मागं निजून बघितलं. निकाल दिला नाही. शेक झाल्यावर आम्ही भोकरला निघालो तर हा दवाखान्याच्या दारात थांबलेला, डावीकडच्या सीटवर येऊन बसला. "मी येतो."

"कशाला?"

"येतो म्हणलं ना."

तिच्या जागेवर तो बसलेला मला आवडलं नाही. गाडी काढली. अर्धापूर गेलं, भोकर फाट्याला वळलो. मी कान मागं लावून बसलो होतो. आवाज येईना. बारडपाशी मला भीती वाटली, मी मान वळवून बघितलं. ती झोपली होती. तोंड थोडं उघडं, हात गादीबाहेर पडलेला. कितीक महिन्यांत मी तिला अशी झोपलेली बघितली नव्हती. रात्री ती झोपायचीच नाही, नुसती पडून राहायची. मिस्त्री डोळे मिटून बसला होता, पण डुलत नव्हता.

दुपारी गाडी दारात आणली. लिंबाखाली सावलीत उभी केली आणि किल्लीला हात घातला. मिस्त्रीनं माझा हात धरला.

"राहू द्या. बंद केली की उठतील."

मी हात काढून घेतला. गाडी तशीच चालू ठेवून आम्ही दोघं पुढं बसून राहिलो. शेजारची म्हातारी भिंतीवरून ओरडली, "पेट्रोल काहून जाळायलाव?" मी तिला हातानं गप्प केलं. मिस्त्री म्हणला नाही की इंजिन मख्खन झालंय. 

बऱ्याच वेळानं मागं ती चाळवली. डोळे मिटूनच विचारलं, "आलं का घर?"

मी तोंड उघडलं, पण मिस्त्री माझ्या आधी बोलला. ज्या आवाजात तो कॉइल म्हणायचा, भेसळ म्हणायचा, टायमिंगचा पट्टा म्हणायचा, त्याच ठाम आवाजात.

"न्हाई भाभी. अजून लई लांब हाय. रेल्वेचं फाटक पडलंय. निजा तुमी."

तेवढ्यात गोठ्यात आमची म्हैस हंबरली. त्या म्हशीला तिनं रेडकू असल्यापासून स्वतःच्या हातानं वाढवलं होतं.

 तिनं हात गादीवर ओढून घेतला.

"मालगाडी असंल," म्हणली. "लई येळ लागतो तिला." आणि कुशीवर झाली.